पी-पर्यंतचे पत्ते

लॉकलन,
उद्या नऊ वाजता इंग्रजीचा पेपर
आणि मी अभ्यास करतेय तुझ्याच पत्त्यांवर.
फिश-फिंगरच्या खोक्यांचे कापलेले चौकोन,
एका अंगाला शब्द, दुसऱ्या अंगाला अर्थ,
भोवती लॉब्स्टरच्या नांग्यांना घालतात ते निळं रबर.
वास अजून येतो.
रबराचा असेल.

पहिल्याच पत्त्यावर तू नियम घालून ठेवलायस :
पुस्तकातलं उदाहरण चालणार नाही. घरातलं हवं.

म्हणून हायपरबोली म्हणजे
आईचं ‘हजारदा सांगितलं’.
खाली बारीक अक्षरात : मोजलं. अकरा.
आयरनी म्हणजे बाबा,
चाळीस वर्षं समुद्रावर, पोहता येत नाही.
लॅकोनिक : पुन्हा बाबा.
एवढंच.
या पत्त्यावर मी हसले, मग उठून
त्यांच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

कादंबरीतली माणसंही आहेत.
मिसेस ऑर्डवे : सपाट पात्र. तीनशे पानं खिडकीत उभी.
टोबियास : गोल पात्र,
कारण तो घोडा चोरतो
आणि बर्फातून परत आणून बांधतो.
गोल होण्यासाठी परत यावंच लागतं का,
हे मी वर्गात विचारलं.
सर म्हणाले, तीन मार्कांपुरतं, हो.

ई-वरचा एक पत्ता मी रोज बाजूला काढते.
एलिप्सिस. वगळलेला मजकूर. तीन टिंबं.
उदाहरण खोडलंयस, दोनदा, पेन दाबून.
माझ्याकडे आता आहे एक :
रविवारी रात्री फोनवर तुझ्या नावाखाली
तीन टिंबं हलत होती,
इतका वेळ, की माझा चहा निवला.
मग गेली.
तिकडे फोर्ट मॅकमरीत तेव्हा संध्याकाळ असणार.
काय लिहीत होतास,
आणि ते पुसायला किती वेळ लागला?

एकशे बारा पत्ते आहेत माझ्याकडे
आणि तुझा एकही नाही.

शेवटचा आहे पर्सॉनिफिकेशन :
आपला फ्रिज रात्री खोकतो.
(आत्ताच खोकला.)
त्यानंतर काही नाही.
तेव्हाही जानेवारीच होता,
पेपरला आठ दिवस राहिले होते,
कात्री टेबलावर तशीच उघडी,
आणि कापलेले कोरे चौकोन
व्यवस्थित एकावर एक रचलेले.
निघून जाणारा माणूस इतकं नीट रचतो का, लॉकलन?
की तू खरंच फक्त पेट्रोल भरायला गेला होतास?

तर पी-पासून पुढे माझं अक्षर.
रेफ्रेन, सटायर, सिमिली.
सिमिलीसाठी खिडकीबाहेर बघत बसले :
बंदरातला बर्फ कशासारखा?
बंदरातल्या बर्फासारखाच दिसला.
तुला पटकन सुचलं असतं.
टी झाला. शब्दसंग्रहातले टॅसिटर्न, टेनेशस,
दोन्हींपुढे बाबाच लिहावे लागले.

यू.
अनरिलायेबल नॅरेटर :
ज्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही असा निवेदक.
उदाहरण घरातलं.
पेनचं टोपण चावत होते, तेवढ्यात
आई आली नर्सिंग होमची रात्रपाळी करून.
बूट झटकले, एकच, दुसरा तसाच पायात,
आणि कोट न काढता विचारलं,
रोना, फोन आला होता?

हो, म्हटलं.
पेपर किती वाजता ते विचारत होता.
खोकला बरा आहे म्हणाला.

तिने दुसरा बूट काढला.
मी पत्ता उपडा ठेवला,
शाई ओली होती,
टेबलाला थोडी लागली.